पत्र्याला हवा लागू नये म्हणून

दसऱ्याला पाच-सहा दिवस उरले होते. घरामागच्या शेडमध्ये आमच्या प्रीमियर पद्मिनीच्या काचांवर आणि क्रोमच्या पट्ट्यांवर मी जुनी वर्तमानपत्रे चिकटवली होती, हाताशी पाण्याची बादली होती आणि पॉलिश पेपरने घासून निघालेला पांढुरका चिखल बॉनेटवर पसरला होता. शेजारचे काका कंपाउंडच्या भिंतीवर दोन्ही कोपरे टेकवून बराच वेळ पाहत उभे राहिले आणि मग त्यांनी विचारले, "काय रे, गाडी विकायला काढलीस व्हय?" मी नाही म्हणालो. "मग रंग कशाला देतोयस?" असे म्हणून, नळाला पाणी आल्याची हाक ऐकून, ते उत्तराची वाट न पाहता आत गेले. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्या वडिलांबरोबर, अण्णांबरोबर, याच गाडीतून ते जोतिबाला आणि नरसोबाच्या वाडीला कितीदा तरी गेलेले आहेत, आणि गाडी दारातून जाणार की काय याची थोडी काळजीच त्यांच्या आवाजात होती. तरीही तो प्रश्न दिवसभर माझ्या हातांबरोबर त्या पत्र्यावर घासला जात राहिला.

प्रश्न चुकीचा नव्हता, म्हणून तो अधिक लागला. आपल्याकडे जुन्या गाडीला रंग मिळतो तो बहुधा ती दुसऱ्याच्या दारात जाण्याआधी. वापरणारा माणूस पोचे, ओरखडे आणि उडालेले पोपडे यांच्यासह वर्षानुवर्षे गाडी चालवतो, आणि विकायचे ठरले की महिन्याभरात ती तुळतुळीत होते. त्यामुळे जुनी गाडी घ्यायला आलेला जाणकार माणूस नव्या रंगाने खूश होण्याऐवजी सावध होतो. तो दरवाज्याच्या खालच्या भागावर बोटाच्या पेराने टकटक करतो. नुसत्या पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, आत लांबी, म्हणजे पोचे बुजवायची पुट्टी, भरलेली असेल तर तोच आवाज बद्द होतो. कुणी रुमालात गुंडाळलेले लोहचुंबक मडगार्डवरून फिरवतो, कारण लांबीला चुंबक धरत नाही. मामांसाठी गाडी पाहायला गेलो होतो तेव्हा अण्णांबरोबर मीही अशी टकटक करीत फिरलो आहे, आणि एका सुंदर चमकणाऱ्या गाडीच्या चाकावरच्या कमानीत मुठीएवढी लांबी निघाली तेव्हा अण्णा काही न बोलता मालकाला नमस्कार करून निघाले होते. ताज्या रंगाखाली काहीतरी झाकलेले असते, ही शंका त्यांच्याकडूनच माझ्याकडे आलेली आहे. आता त्यांच्याच गाडीला रंग देताना ती माझ्या अंगावर उलटली होती.

आजोबांकडे कागल तालुक्यातल्या गावी एक बैलजोडी होती. बेंदराच्या आदल्या दिवशी आजोबा बैलांची शिंगे साळत, त्यांवर हिंगूळ लावीत, बेगड चिकटवीत आणि अंगावर गेरूचे ठसे उमटवीत. शिंगे रंगवली म्हणून बैल विकायला काढला का, असे त्या दिवशी गावात कुणी कुणाला विचारत नसे. मात्र माझ्या आठवणीत दुसराही एक दिवस आहे. मी सात-आठ वर्षांचा असेन. गोठ्यातून शिंगे घासल्याचा तो ओळखीचा खरखर आवाज आला, आणि बेंदूर आला असे वाटून मी धावत गेलो. बेंदूर नव्हता. आजोबा दोघांपैकी थकलेल्या बैलाची शिंगे साळून त्यांना तेल चोळत होते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते त्याला घेऊन वडगावच्या जनावरांच्या बाजाराला गेले. हात तेच होते, शिंगे तीच होती, घासण्यातली नजाकतही तीच होती. आजी त्या दिवशी गोठ्याकडे फिरकली नाही. काकांच्या प्रश्नाने मला नेमके कुठे धरले हे त्या आवाजापाशी पोहोचल्यावर मला कळले, कारण शेडमध्ये मी घालवीत असलेल्या तासांतूनही तोच खरखर आवाज निघत होता.

गाडी १९९२ सालची. अण्णांनी ती घेतली तेव्हा मारुती ८०० रस्त्यावर येऊन आठ-नऊ वर्षे झाली होती आणि पद्मिनी घेणारा माणूस जुन्या वळणाचा समजला जाऊ लागला होता. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट म्हणून आलेलाच हा घाट, पुढे पद्मिनी या नावाने चाललेला; गिअर स्टिअरिंगजवळ, पुढच्या दरवाज्यांना वारा आत वळवणारी त्रिकोणी काच. अण्णांचे त्यावरचे म्हणणे एवढेच होते की पत्रा जाड आहे. ते दर रविवारी गाडी धूत आणि धुऊन झाल्यावर तिच्याभोवती सावकाश एक फेरी मारीत. कुठे टवका उडालेला दिसला की औषधाच्या एका लहान बाटलीत ठेवलेला मूळ रंग काढायचा, आगकाडीच्या टोकाला कापूस गुंडाळायचा आणि त्या जागी एक ठिपका द्यायचा. "दिसायला कसं का असंना, पत्र्याला हवा लागता कामा नये," असे ते म्हणत. ते गेल्याला आता सहा वर्षे झाली. मुंबईतली काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली तेव्हा दोन-तीन नातेवाइकांनी फोन करून आमची अजून आहे ना, असे विचारले. आहे, असे मी सांगितले, आणि फोन ठेवल्यावर बाहेर जाऊन पाहिले तर बॉनेटच्या पुढच्या कडेला रंग फुगून वर आलेला होता. ती औषधाची बाटली मी शोधून काढली. आतला रंग सुकून तळाशी बटणासारखा घट्ट झालेला होता.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या ज्या पेंटरकडे मी प्रथम गाडी दाखवायला नेली, त्यांनी तिच्याभोवती अण्णांसारखीच फेरी मारली. संपूर्ण गाडीला हार्डनर मिसळून मारायचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग, भट्टीत न घालता, ४५,००० रुपये. त्यांनी लबाडी केली नाही; त्यातला निम्म्याहून अधिक खर्च घासण्याच्या मजुरीचा आहे हे त्यांनी उलगडून सांगितले, आणि गाडी बाजारात तेवढ्याला जाणार नाही हेही सांगितले. त्यांच्या शेडमध्ये एक विशीतला मुलगा तोंडाला साधा रुमाल बांधून स्प्रे मारीत होता. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते आणि त्याचे बारीक तुषार श्वासातून जात राहिले तर कायमचा दमा जडू शकतो, त्याला रुमाल मुळीच अडवत नाही. हे मला माहीत होते आणि त्या मुलाला कुणी सांगितले होते की नाही, कोण जाणे. मी पेंटरना तेवढे सांगितले. त्यांनी मान हलवली. घरी येताना एक निर्णय आपोआप झाला होता, की स्प्रे घरी करायचा नाही आणि पीयू घरी आणायचा नाही. उरला तो दारे-खिडक्या रंगवण्याचा सिंथेटिक इनॅमल, टर्पेंटाइन आणि चार इंची फोमचा रोलर.

या रंगाने गाडी होते, यावर माझा विश्वास बसायला वेळ लागला. आपले पेंटर अजूनही गाडीच्या रंगाला सर्रास ड्युको म्हणतात. ते नाव अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीने १९२० च्या दशकात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे आहे. तो येईपर्यंत मोटारींचे रंग हाताने लावले जात, घासले जात आणि पुन्हा लावले जात, आणि एका गाडीला वाळायला आठवडे लागत. म्हणजे मी करू पाहत होतो ते अडाणीपणाचे काम नव्हते, नुसते जुने आणि वेळखाऊ होते. वेळ मात्र माझ्याकडे होता. रविवार, सुट्ट्या आणि रोज सकाळचा एक तास असा धरला तर दिवाळी उलटेपर्यंत पुरेल इतका होता.

खरे काम रंगाचे नसते, घासण्याचे असते.

पहिले पंधरा दिवस मी रंगाचा डबा उघडलाही नाही. गाडीला गंज कुठे लागतो हे पुस्तकी माहिती म्हणून मला ठाऊक होते, पण ते बोटांना कळले या दिवसांत. दरवाज्यांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी बारीक भोके असतात. ती मातीने बुजली की पाणी आत साचते आणि दरवाजा आतून बाहेर कुजत येतो. चाकांवरच्या कमानींच्या आतल्या ओठात चिखल बसतो. पुढच्या काचेचे रबर कडक झाले की त्याखाली ओल राहते. आणि गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो. वरून दिसणारा फुगा म्हणजे आत बरेच दिवस चाललेल्या कामाची शेवटची खूण असते. एका फुग्यावर स्क्रू ड्रायव्हरचे टोक टेकवले तर ते आरपार गेले. डिकीच्या कोपऱ्यात आणि डाव्या मागच्या दरवाज्याखाली मिळून दोन ठिकाणी पत्रा कापून वेल्डिंगने नवे तुकडे बसवावे लागले, ते काम मी वेल्डरकडून ६०० रुपयांत करून घेतले. तिथे लांबी थापून मोकळे होणे मला सहज शक्य होते. दोन महिने ते कुणालाही कळले नसते. बाकीच्या ठिकाणी तारेचा ब्रश, मग ८० नंबरचा पेपर, मग उरल्यासुरल्या गंजावर फॉस्फोरिक ॲसिडचे द्रावण, ज्याने तांबूस गंज काळा पडून बसतो. मग धुणे, पुसणे, आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडच्या प्रायमरचे अस्तर, कारण उघडा, घासलेला पत्रा रात्रभर ठेवला तर सकाळी त्यावर पुन्हा तांबूस छटा आलेली असते. लांबी लावली ती पातळ, पोच्यांच्या खळग्यांत, प्रायमरवर, आणि ती ज्या कामासाठी असते तेवढ्यासाठीच.

रेड ऑक्साइडचा डबा ढवळताना मला नेहमी एक गोष्ट चकित करते. त्याचा तो तांबडा रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइडच असतो, म्हणजे रसायन म्हणून पाहिले तर गंजाचाच सख्खा भाऊ. जे आधीच पूर्ण गंजलेले आहे ते आणखी गंजू शकत नाही, म्हणून ते तेलात कालवून ताज्या लोखंडावर राखणीला बसवायचे. आमच्या दारातल्या तुळशी वृंदावनाला आई दरवर्षी जी काव लावते तिचा तांबडेपणाही त्याच लोहाचा. खंडेनवमीला पूर्ण बॉनेट रेड ऑक्साइडमध्ये होते आणि बाकी गाडी ठिगळाठिगळांची होती. मी आईला म्हणालो की या वर्षी गाडीची पूजा राहू दे. तिने ऐकले नाही. ती ताट घेऊन आली, बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढू लागली, आणि तांबड्यावर तांबडे उमटेना. क्षणभर थांबून तिने हळदीचे बोट घेतले आणि पिवळे स्वस्तिक काढले. त्यावर झेंडूचे फूल ठेवले. दुसऱ्या दिवशी घासताना ती जागा मी शेवटी घेतली.

रंगाची छटा जुळवायला एक अख्खा दिवस गेला. नोंदणीच्या कागदावर रंगाच्या जागी 'आयव्हरी' असे आहे आणि रंग बदलायचा तर त्याची आर. टी. ओ. मध्ये रीतसर नोंद करावी लागते. पण ते नसते तरी मी रंग बदलला नसता. २०२२ साली नोंदणीचे नूतनीकरण आले तेव्हा १ एप्रिलपासून त्याचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालेले होते, वर पर्यावरण कर, आणि तेही मी निमूटपणे भरले होते ते याच हस्तिदंती गाडीसाठी. बाहेरचा रंग उन्हाने पिठाळलेला होता, त्यामुळे त्यावरून जुळवता येत नव्हते. दरवाज्याच्या रबराखाली, जिथे तीस वर्षांत ऊन पोहोचलेच नव्हते, तिथे मूळ रंग ताज्या सायीसारखा मिळाला. पांढऱ्या इनॅमलमध्ये पिवळ्या स्टेनरचे थेंब मोजून टाकीत, मध्ये एक ठिपका काळ्याचा देत, कागदावर फासून, वाळवून, त्या जागेशी लावून पाहत मी जुळवत गेलो. ओला रंग आणि वाळलेला रंग सारखे दिसत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी थांबावे लागते. सगळे चारही लिटर एकाच बादलीत कालवले, कारण दुसऱ्यांदा तीच छटा हाताला येत नाही.

इनॅमलचा स्वभाव समजून घेतला की रोलरचे काम जमते. टर्पेंटाइन उडून गेले की रंग वाळला असे वाटते, पण तो तेव्हा फक्त बसलेला असतो. खरा घट्ट होतो तो हवेतला प्राणवायू पिऊन, हळूहळू, वरून खाली. म्हणून जाड हात दिला तर दुधावर धरते तशी साय वर धरते आणि खालचा रंग ओलाच राहतो, मग दुसऱ्या हाताला त्यावर सुरकुत्या उठतात. रंग ताकाइतका पातळ करायचा, खालचे दिसतच राहील इतका बारीक हात द्यायचा, बुडबुडे उठले तर जवळजवळ कोरड्या रोलरने वरून फक्त वजन न देता फिरवायचे, आणि चोवीस तास त्याच्याकडे पाहायचे नाही. अण्णा ज्या हवेपासून पत्र्याला आयुष्यभर जपत होते, तीच हवा पिऊन हा रंग पत्र्याची राखण करण्याइतका कठीण होतो, हे पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा हातातला रोलर ट्रेमध्ये ठेवून मी थोडा वेळ स्टुलावर बसून राहिलो. त्यांना हे सांगितले असते तर त्यांनी दोनदा समजून घेतले असते आणि मग संध्याकाळी काकांना सांगितले असते.

दर दोन हातांनंतर पाणी लावून ६०० नंबरचा पेपर, पुढे ८००, मग १०००. पाच वाजता उठायचे, शेडमध्ये आणि अंगणात धूळ बसावी म्हणून सडा मारायचा, वारा सुटण्याआधी आणि चिलटे उठण्याआधी एक हात पूर्ण करायचा. पहिल्या दोन हातांनंतर गाडी इतकी वाईट दिसत होती की आईने दारावर पडदा ओढून घेतला. तिसऱ्याला आशा आली. ऊसतोडणी सुरू झाली तशी लांबच्या रानातून पाचट जाळल्याची काळी काजळी तरंगत येऊ लागली, आणि पाचव्या हाताच्या ओल्या टपावर तिच्या बारीक चिंध्या बसल्या. त्या उचलायला गेलो असतो तर बोटांचे ठसे राहिले असते. त्या तशाच वाळू दिल्या आणि दुसऱ्या दिवशी घासून काढल्या. सहावा हात दिला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. त्यानंतर तीन आठवडे गाडी नुसती उभी ठेवली, मग १५०० आणि २००० चा पेपर, रबिंग कंपाउंड, मेण. वेल्डिंग धरून सगळा खर्च ५,२०० रुपये झाला, त्यात आठ रोलर गेले.

जे झाले ते शोरूमचे नाही. उजेड तिरपा पडला की टपावर रोलरची अगदी हलकी, संत्र्याच्या सालीसारखी खर दिसते. इनॅमल उन्हात लवकर निस्तेज होतो, त्यामुळे दर सहा महिन्यांनी मेण लावावे लागेल. आणि उद्यमनगरातल्या त्या पेंटरना मी गाडी दाखवली तेव्हा त्यांनी हळहळून सांगितले की यावर आता कधी पीयू करायचा झाला तर हा सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडावा लागेल, नाहीतर थिनर लागताच तो उचलेल. ते खरे आहे, आणि ज्याला पुढे विकायची आहे त्याने म्हणूनच हा मार्ग धरू नये. मग ते खाली वाकले, दरवाज्याच्या तळाशी पेराने टकटक केले, आवाज ऐकला, पुढच्या दरवाज्याशी गेले, तिथेही ऐकला. त्यांनी काही म्हटले नाही. फक्त हात पुसून चहा मागवला.

एक जागा मी शेवटपर्यंत टाळली होती. चालकाच्या दरवाज्याची वरची कड, काच खाली केल्यावर जिथे उजवे कोपर टेकते ती. वर्षानुवर्षे अण्णांच्या कोपराने तिथला रंग झिजून आधी प्रायमर दिसू लागला होता आणि मग हाताच्या तळव्याएवढा पत्रा, गंज न लागलेला, कारण रोजच्या घर्षणाने तो घासलेलाच राहत असे. ते गेल्यानंतरच्या सहा वर्षांत गाडी फार चालली नाही आणि तिथे तांबूस ठिपके उठले. ती जागा तशीच ठेवावी, तिच्याभोवती चिकटपट्टी लावून बाकीचे रंगवावे, असे मला अनेकदा वाटले. चिकटपट्टी एकदा लावलीही होती. मग मी ती काढली. बोटाने ते ठिपके चाचपले, ४०० च्या पेपरने अगदी थोडे घासले, रेड ऑक्साइड दिला आणि बाकीच्या गाडीसारखेच सहा हात दिले. पत्र्याला हवा लागू द्यायची नाही एवढेच त्यांनी मला त्या गाडीबद्दल सांगितले होते. पहिल्यांदा गाडी बाहेर काढली तेव्हा रंकाळ्याच्या वळणावर माझे कोपर आपणहून तिथे गेले; रंग आतून अजून थोडा मऊ असेल म्हणून मी ते उचलून घेतले.

परत आलो तेव्हा काका फाटकापाशी उभे होते. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, मागच्या मडगार्डवर तळवा टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग विचारले, "उरलाय व्हय रं रंग? स्कूटरच्या मडगार्डाला लई गंज धरलाय." अर्धा लिटर उरला होता. तो डबा, रेड ऑक्साइडचा तळ, एका बाटलीत टर्पेंटाइन आणि पेपरचे चार तुकडे मी त्यांना दिले, आणि पत्रा पांढरा दिसेपर्यंत घासा, हात पातळ द्या, घाई करू नका, असे सांगितले. "किती हात?" त्यांनी विचारले. सहा, मी म्हणालो.

रविवारी सकाळी भिंतीपलीकडून खरखर आवाज येऊ लागला. मी चहाचा कप घेऊन भिंतीपाशी गेलो. काका पाटावर बसून, चष्मा नाकावर ओढून, मडगार्ड मांडीवर आडवे घेऊन घासत होते, कोरडेच. मी त्यांना बादली भरून आणून देऊ का, असे विचारले.